पहाटे चार वाजून बारा मिनिटं

कोल्ड स्टोरेजमधला बिघाड सांगणारा फोन बहुतेक वेळा सकाळी सहाच्या सुमाराला येतो. रात्रपाळीचा माणूस घरी जाण्याआधी मालकाला सांगतो, मालक मला. काही वर्षांपूर्वीच्या एका फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसमधून असा फोन पंधरा दिवसांत चौथ्यांदा आला. "तीन नंबरचं मशीन पहाटे परत बंद पडलं. रूम चार डिग्रीवर गेली. तुम्ही येऊन जाता, आणि ते परत तेच करतं." मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि तो मला रागापेक्षा जड गेला.

मी नाशिकला इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सची कामं घेतो. आयटीआय झाल्यावर काही वर्षं कारखान्यात काढली, नंतर स्वतःचं सुरू केलं. जानेवारी ते एप्रिल हे चार महिने माझं अर्धं आयुष्य द्राक्षांच्या पॅकहाउसांत जातं. ज्याने ते पाहिलेलं नाही त्याला चार डिग्री म्हणजे काय ते सांगायला हवं. बागेतून माल येतो तेव्हा मण्याच्या आतलं तापमान पंचवीस-तीस अंश असतं. निवड होते, पेट्या भरल्या जातात, आणि मग प्रीकूलिंगमध्ये सहा-आठ तास गार हवा ओढून ते चार अंशांवर आणतात. त्यानंतर माल कोल्ड रूममध्ये जातो, शून्य ते एक अंशावर, नव्वद-पंचाण्णव टक्के दमटपणात. तिथून कंटेनर, कंटेनरमधून न्हावा-शेवा आणि तिथून युरोपचा तीन-चार आठवड्यांचा प्रवास. मधल्या मधे रूमचं तापमान वर जाऊन परत खाली आलं की मण्यांना घाम सुटतो. पेटीत ठेवलेला ग्रेपगार्डचा कागद त्या ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड एकदम सोडतो, मणी पांढुरके पडतात, देठ तपकिरी होतात. हे सगळं रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर दिसतं. नानांच्या त्या रूममध्ये त्यांच्या स्वतःच्या बागेसोबत आणखी सतरा-अठरा शेतकऱ्यांचा माल होता.

आधीच्या तीन खेपांत मी काय केलं होतं? जे कुणीही वायरमन करेल तेच. सकाळी दहाला पोचलो, पॅनल उघडलं, मीटर लावला. आर फेज २३०, वाय २३१, बी २२९. टाँग टेस्टर लावून करंट पाहिला. दहा हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर, चौदा अँपिअरच्या आसपास, तिन्ही फेज सारख्या. ओव्हरलोड रिले नीट, कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचचे, पॉइंट साफ. मशीन माझ्यासमोर पाच वेळा बंद-चालू केलं, पाचही वेळा घेतलं. एका खेपेला संशय नको म्हणून कॉन्टॅक्टरच बदलला. वहीत 'सप्लाय ओके' लिहिलं आणि निघालो.

तिथल्या रात्रपाळीच्या वॉचमनना मी बाबा म्हणतो. वय साठीच्या पुढे. निफाड तालुक्यातल्याच एका खेड्यातून सायकलने येतात. तिसऱ्या खेपेला ते माझी वाट बघत थांबले होते. म्हणाले, "भाऊ, बंद पडायच्या आधी लाइट फडफडती. मशीनची पेटी टरटर करती, मंग गप होती. मी झोपेल नव्हतो." मी पॅनलमधलं बोट न काढता म्हणालो, "बाबा, लाइट फडफडली असती तर बाकीची मशीनं पण बंद पडली असती ना?" वाक्य बरोबर वाटावं असं होतं. त्यामागचा अर्थही त्यांना कळला. ते काही बोलले नाहीत, सायकल काढली आणि गेले.

आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट शॉर्ट सर्किट नाही. शॉर्ट सर्किट स्वतःच ओरडून सांगतं. अवघड असतो तो येऊन-जाऊन असणारा फॉल्ट. माणूस मीटर घेऊन समोर उभा राहिला की तो नसतो, गाडी गेटबाहेर पडली की असतो. मीटर तर फक्त लीड टेकवलेल्या क्षणाचं सांगतो. सकाळी दहाचा २३० हा आकडा सकाळी दहाचाच असतो. त्यावरून पहाटे चारची ग्वाही मी देत होतो, तीनदा दिली होती.

कारखान्यात यावर उपाय म्हणून लॉगशीट असायचं. दर तासाला व्होल्टेज, करंट, तापमान लिहायचं. मी ॲप्रेंटिस असताना रात्रपाळीला ते शीट माझ्याकडे असे. पहिले दोन-तीन तास मी खरंच फिरून लिहायचो. पुढच्या ओळी पहाटे पाचला एका बैठकीत भरायचो, २३०, २३१, २३०. माझ्या आधीच्यांनी तसंच केलं होतं, नंतरच्यांनीही केलं असेल. त्या शीटवर सही करणाऱ्या साहेबांना ते ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पण एखादा खरा बिघाड त्या सरळ आकड्यांखाली किती वेळा गाडला गेला असेल, हा विचार मला त्या वयात शिवला नाही. आता शिवतो.

मीटर आणि नाशिक यांचं नातं तसं जुनं. मीटर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी मोटवाने नाशिकरोडला, ऋषभ सातपूरला. मल्टिमीटर ही वस्तू आमच्याकडे दुकानातून येते तशी शेजारच्या कारखान्यातूनही येते. आयटीआयत माझ्या हातात पहिल्यांदा आला तो काट्याचा मोटवाने. आमचे निदेशक तो लहान मुलासारखा दोन्ही हातांनी द्यायचे. १९२३ मध्ये इंग्लंडच्या पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या अभियंत्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन वेगळी यंत्रं वागवायच्या त्रासातून सुटायला एकच यंत्र केलं आणि तिन्हींच्या आद्याक्षरांवरून त्याला ॲव्हो म्हटलं, ही गोष्ट त्यांनीच सांगितली होती. काट्याच्या मीटरमध्ये एक गुण होता जो मला फार नंतर कळला. जोड सैल असेल तर काटा थरथरायचा. किती व्होल्ट ते नीट वाचता यायचं नाही, पण काहीतरी बरं नाही हे डोळ्याला दिसायचं. डिजिटल आले, आकडा अचूक झाला आणि ती थरथर गेली. आकडा नुसता उडत राहतो, आणि उडणाऱ्या आकड्याकडे बघून मन काही धरू शकत नाही.

मोबाइलला जोडला जाणारा मीटर मी घेतला होता तो वेगळ्याच कारणाने. एका मोठ्या पॅनलमध्ये काम करताना जवळच्या माणसाचा हात भाजलेला मी पाहिला होता. चालू पॅनलसमोर तोंड नेऊन आकडा वाचायची मला तेव्हापासून धास्ती बसली. ब्लूटूथचा मीटर असला की सप्लाय बंद करून क्लिपा लावायच्या, दार लोटायचं, लांब जाऊन सप्लाय चालू करायचा आणि आकडा मोबाइलवर बघायचा. एवढ्यासाठीच घेतला. फ्लूक कंपनीने २०१४ मध्ये मोबाइलशी बोलणाऱ्या मीटरांची सगळी मालिकाच आणली होती, पण ती माझ्या खिशाला झेपणारी नव्हती. २०१० च्या ब्लूटूथ ४.० बरोबर कमी वीज खाणारी पद्धत आली आणि पुढे साध्या सेलवर दिवसचे दिवस चालणारे स्वस्त मीटरही निघाले. त्यातलाच एक माझा. त्याच्या ॲपमध्ये 'रेकॉर्ड' असं एक बटण होतं. दीड वर्षात मी ते एकदाही दाबलं नव्हतं.

चौथ्या फोननंतर गाडी चालवताना ते बटण आठवलं.

पहिल्या रात्रीचं काम फुकट गेलं. मीटर कंट्रोल सप्लायवर, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जो फेज आणि न्यूट्रल जातो त्यावर लावला. मीटर पॅनलच्या आत आणि मोबाइल बाहेर ठेवून दार लावलं, तर संपर्कच तुटला. पॅनल म्हणजे लोखंडी डबा, रेडिओलहर त्यातून बाहेर येत नाही. मग लीड केबल ग्लँडच्या रिकाम्या भोकातून बाहेर काढल्या आणि मीटर पॅनलच्या बाजूला खुंटीला टांगला. दोन हातांवर प्लॅस्टिकच्या स्टुलावर माझा जुना मोबाइल, पॉवर बँकेला लावून. सगळं नीट झालं असं वाटलं. सकाळी पाहिलं तर नोंद रात्री बारा चाळीसला थांबलेली. मोबाइलच्या बॅटरी वाचवायच्या सोयीने ॲप गुपचूप बंद केलं होतं. ती सोय कुठे बंद करायची, मीटरचं आपोआप बंद होणं कसं थांबवायचं, हे शोधण्यात दुसरा दिवस गेला.

दुसऱ्या रात्री पूर्ण नोंद मिळाली आणि त्या रात्री मशीनही बंद पडलं. पहाटे पावणेचारच्या सुमाराला, बाबांनीच फोन केला. मी सकाळी पोचलो, आलेख उघडला. रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत सरळ रेघ. २२८ ते २३४, कुठे खळगा नाही. मी तो मोबाइल नानांसमोर धरला. बाबा तिथेच उभे होते. मी म्हणालो, "सप्लाय रात्रभर बरोबर आहे नाना. हे बघा, मशीनने लिहिलंय." नानांनी बाबांकडे पाहिलं. रात्री काहीतरी बटण दाबलं गेलं का, कुणी पॅनलला हात लावला का, असं हळू आवाजात विचारलं. बाबा म्हणाले, "मी कशाला हात लावीन?" आणि कमरेचं उपरणं सोडून परत बांधायला लागले.

मी निघालो. ओझर ओलांडल्यावर कधीतरी लक्षात आलं आणि गाडी बाजूला घेतली. रात्रभराची नोंद म्हणून मी ॲपमध्ये दर मिनिटाला एक नोंद असं ठेवलं होतं. साठ सेकंदांत एक आकडा. बाबा सांगत होते ती टरटर पाच-सात सेकंदांची. म्हणजे ती दोन आकड्यांच्या मधे सहज मावून जात होती, आणि नऊ-दहा वेळांत एकदाच पकडली जाण्याची शक्यता होती. मशीनने काही लिहिलंच नव्हतं, आणि मी ते मशीनने 'नाही' लिहिल्यासारखं वाचून दाखवलं होतं. एका माणसाच्या समोर, त्याच्या मालकाला. लॉगशीटवर पहाटे पाचला भरलेले आकडे आणि हा आलेख यांत त्या क्षणी मला फार फरक दिसेना.

तिसऱ्या रात्री दर सेकंदाला एक नोंद ठेवली आणि मीही तिथेच थांबलो. रात्री नऊ ते पहाटे पाच म्हणजे अठ्ठावीस हजार आठशे आकडे. बाबांनी शेडबाहेर पालापाचोळ्याची शेकोटी केली होती. निफाडच्या थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, ती थंडी फेब्रुवारीतही पहाटे पाठ सोडत नाही. आम्ही फारसं बोललो नाही. चहा त्यांनीच केला. चार वाजून गेल्यावर आतून आवाज आला, टर्र-टर्र-टर्र, शेडमधला दिवा दोन-तीन वेळा मंद झाला आणि सगळं शांत. मी ऐकलं, पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातून पेन काढून त्यांनी गेटच्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं.

आलेख उघडला तेव्हा ४ वाजून १२ मिनिटांना तो होता. २३१ वरून १७६. पुढच्या सेकंदाला २०३. मग १६८, २११, १७१, आणि मग एकदम २३२ आणि पुढे सरळ रेघ, कारण कंट्रोलरने तीन प्रयत्न करून मशीन लॉक केलं होतं. पण मला खरी गोष्ट सांगितली ती त्या खळग्याच्या डावीकडच्या भागाने. रात्री अकराच्या सुमाराला कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा आकडा २१९ पर्यंत खाली येऊन परत वर गेला होता. १ वाजून ३७ मिनिटांनी २०७ पर्यंत. २ वाजून ५५ मिनिटांनी १९३. प्रत्येक खेपेला थोडा जास्त खाली. रात्र जशी गार होत गेली तसा खळगा खोल होत गेला होता. काट्याची ती थरथर मला परत दिसली, या वेळी अख्ख्या रात्रीवर पसरलेली.

आता हे जुळतं कसं ते सांगतो, कारण यातच सगळी गंमत आहे. एसी कॉन्टॅक्टरची कॉइल तिच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर हमखास ओढली गेली पाहिजे असा नियम आहे. २३० ला ते साधारण १९५ होतात. आणि पंचाहत्तर टक्क्यांच्या, म्हणजे १७२ च्या खाली ती कधीही सोडू शकते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालत्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढतो. वाटेत कुठे जोड खराब असेल तर त्या झटक्यात तिथेच व्होल्टेज खाल्लं जातं. कॉइलला कमी पडतं, ती सोडते. सोडल्यावर मोटरचा भार गेला, म्हणून व्होल्टेज परत येतं, कॉइल परत ओढते, परत झटका. हीच ती टरटर. बाकीची मशीनं बंद पडत नव्हती, कारण खराब जोड फक्त या पॅनलच्या वाटेवर होता. शेडचा दिवाही याच पॅनलवरून घेतलेला निघाला.

मग पहाटेच का? दिवसा दारं उघडझाप होतात, माल आत-बाहेर होतो, कॉम्प्रेसर जवळपास सतत चालतो. जोडातून सतत करंट गेला की तो गरम राहतो. रात्री रूम बंद, तापमान गाठलेलं, कॉम्प्रेसर बराच वेळ थांबतो आणि जोड गार होतो. येणारी केबल ॲल्युमिनियमची, तिच्या टोकाला दाबून बसवलेला लगही ॲल्युमिनियमचा, आवळलेला बोल्ट लोखंडी. तापमानाने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गरम झालं की बोल्टखाली दाबलं जातं, दबून थोडं पसरतं, आणि गार झालं की आकसतं. ते आधीच्या जागेवर येत नाही, फट सोडतं. असे काही हजार फेरे झाले की गरम असताना घट्ट आणि गार असताना सैल असा जोड तयार होतो. मी सकाळी दहाला पाच वेळा मशीन चालू-बंद करत होतो तेव्हा तो जोड गरम होता. माझी प्रत्येक तपासणी त्याच्या बऱ्या वेळी झाली होती.

सात वाजता मशीन चालू करून तोच मीटर मिलिव्होल्टवर घेतला. मेन स्विचच्या येणाऱ्या केबलच्या टोकापासून आतल्या पट्टीपर्यंत, एकाच फेजवर, म्हणजे जोडाच्या अलीकडे-पलीकडे. चांगल्या जोडावर इथे जवळपास काही दिसू नये. वाय आणि बी फेजवर दहा मिलिव्होल्टच्या आत. आर फेजवर सहाशे. सप्लाय बंद करून, बंद असल्याची खात्री करून झाकण काढलं तर लगवर राखाडी-काळी भुकटी, केबलचं इन्सुलेशन टोकाला तपकिरी आणि बोल्टखाली स्प्रिंग वॉशर नाही. पॅनल बसवणारा कधीतरी घाईत तो विसरला असेल. काळं टोक कापलं, तांब्या-ॲल्युमिनियमचा बायमेटल लग क्रिम्प केला, जॉइंट पेस्ट, वॉशर, नीट आवळणं. सगळं मिळून सव्वा तासाचं काम आणि दोन-तीनशे रुपयांचं सामान. तिन्ही फेज सारख्याच केल्या, कारण आज एक गेली तर उद्या दुसरी जाणार होती.

नाना आले तेव्हा मी आलेख दाखवण्याआधी बाबांचं रजिस्टर मागितलं. गाड्यांच्या नंबरांच्या नोंदींमध्ये त्यांच्या तिरक्या अक्षरात आदल्या रात्रीची ओळ होती, '४.१० लाइट फडफडली. ३ नंबर बंद.' त्यांचं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल. मी मागची पानं उलटली. दोन रात्रींपूर्वीची ३.४५ ची नोंद होती, जिच्या सकाळी मी सरळ रेघ दाखवली होती. त्याच्या आधीची होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली होती, माझी पहिली खेपही झाली नव्हती तेव्हाची. एकूण सहा. सहाच्या सहा पहाटे तीन ते पाचच्या मधल्या. या फॉल्टची नोंद इतके दिवस गेटवरच्या टेबलावर पडून होती आणि मी तिच्या बाजूने मीटर घेऊन चार वेळा आत गेलो होतो.

मी बाबांना नानांसमोरच म्हणालो, "परवा मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी होती." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मोबाइलमधी दिसतं का ते फडफडेल?" मी बोटांनी आलेख मोठा करून ४ वाजून १२ चा खळगा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि १६८ या आकड्यावर नख ठेवून विचारलं, "हे किती पाहिजे होतं?"

त्यानंतर तो मीटर मी कुठेकुठे लावला. एका दवाखान्याच्या यूपीएसच्या बॅटऱ्यांची चाचणी होती. पूर्वी दर पाच मिनिटांनी कागदावर लिहीत दोन तास उभं राहावं लागायचं. आता उतरती रेघ आपोआप येते आणि शेवटी कोणत्या मिनिटाला ती अचानक घसरली तेही कळतं. सोलर पंपावर, गच्चीवरच्या पॅनलचं व्होल्टेज खाली मोटरीजवळ बसून पाहता आलं. नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये निघतात, मुलीने एक्सेलमध्ये आलेख काढायला शिकवलं, आणि बिलासोबत आलेखाची प्रिंट जोडली की ग्राहकाशी होणारं बोलणं वेगळंच होतं. तो आकड्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतो. मला ते आवडतं.

पण जे याने होत नाही तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. सेकंदाला एक आकडा म्हणजे त्या सेकंदाची सरासरी. १६८ दिसलं तिथे प्रत्यक्षात क्षणभर किती खाली गेलं असेल ते मला माहीत नाही. मिलिसेकंदांतले झटके, हार्मोनिक्स, तिन्ही फेजचा एकत्र हिशोब यांसाठी पॉवर ॲनालायझरच लागतो, त्याचं भाडं देणं परवडतं तेव्हा मी तोच आणतो. आणि रात्रभर कुणी नसताना चालू सप्लायवर मीटर लावून जाणं हा खेळ नाही. मीटर त्या जागेच्या योग्य कॅटेगरीचा हवा. पॅनलमध्ये किमान कॅट थ्री ६०० व्होल्ट, येणाऱ्या सर्व्हिसजवळ कॅट फोर. फ्यूज असलेल्या लीड, पूर्ण झाकलेल्या क्लिपा, त्या लावताना आणि काढताना सप्लाय बंद. अँपिअरच्या भोकात लीड ठेवून तर कधीच जाऊ नये. व्होल्टेज समजून कुणी ती फेज-न्यूट्रलला लावली तर तो थेट शॉर्ट आहे. करंट नोंदवायचा तर क्लँपच. मी पॅनलवर दोरीने पाटी बांधतो, 'मीटर जोडला आहे, हात लावू नये', आणि रात्रीच्या माणसाला तो काय आहे ते समजावून सांगतो.

त्या समजावून सांगण्याचा क्रम आता बदललाय. आधी मी त्याला विचारतो, काय होतं, किती वाजता, किती वेळ. आवाज कसा येतो तेही विचारतो. किती सेकंदांनी नोंद घ्यायची हे मी त्याच्या उत्तरावरून ठरवतो. गेटचं रजिस्टर असेल तर मागची पानं पाहतो. परवा एका बेकरीत भट्टी रात्री थंड पडत होती, तिथल्या पोराने सांगितलं, "दूधवाला येतो ना, त्याच्या जरा आधी." तेवढ्यावर मी पाच ते सहा हा तास पकडला आणि पहिल्याच दिवशी सापडलं.

पिंपळगावचं ते मशीन उरलेल्या हंगामात पहाटे एकदाही बंद पडलं नाही. मार्चच्या शेवटी, माल संपत आला असताना, भल्या सकाळी बाबांचा फोन आला. मी घाबरून उचलला. ते म्हणाले, "काही नाही भाऊ. आजबी फडफडली नाही. रोज लिहून ठेवतोय, तुम्ही आल्यावर बघा."